माझे वडील, मगदुमांचे आजोबा

तुम्ही माझं लिखाण वाचलेलं आहे. नाव वाचलेलं नसेल, कारण ते कुठे नसतंच. गेल्या पंधरा वर्षांत तुम्ही घरबसल्या कोल्हापुरी चप्पल मागवली असेल, गुडघेदुखीवर काय करावं म्हणून मोबाइलवर शोधलं असेल, नाहीतर पन्हाळ्याला जाण्याआधी एखाद्या लॉजची वेबसाइट उघडली असेल, तर त्यातलं काहीतरी माझ्या राजारामपुरीतल्या स्वयंपाकघराच्या टेबलावर लिहिलेलं असण्याची बरीच शक्यता आहे. ‘आमच्याकडे आपुलकीची सेवा मिळेल, एकदा याल तर पुन्हा पुन्हा याल’ हे वाक्य मी हॉटेलांना दिलं, दातांच्या दवाखान्याला दिलं आणि एकदा गडबडीत अंत्यविधीचं साहित्य विकणाऱ्या दुकानालाही दिलं. त्या दुकानाच्या मालकांनी ते दोन वर्षं काढलं नाही. त्यांना ते आवडलं होतं.

कुठल्याही अर्जात व्यवसाय म्हणून ‘लेखिका’ लिहिलं की समोरचा माणूस पुस्तकं कुठली ते विचारतो. पुस्तक एकही नाही. माझ्या सासूबाई शेजारणीला सांगायच्या, “आमची सूनबाई कॉम्प्युटरवर दुसऱ्याचं लिहून देते.” माझ्या धंद्याची यापेक्षा नेमकी व्याख्या मला अजून सापडलेली नाही.

काम साधं असतं. ग्राहक विषय सांगतो, किती शब्द हवेत ते सांगतो, आणि कालपर्यंत हवं होतं हेही सांगतो. आपण लिहून पाठवायचं, त्यानं आपल्या वेबसाइटवर लावायचं. लेख पाठवला की आपला संबंध संपला, मुलगी दिली घर रिकामं, असं मी इतकी वर्षं धरून चालले होते. कागदपत्र कुणाशीच केलं नव्हतं. सुरुवातीला एका चप्पलवाल्यांकडे भीतभीत करारपत्राचा विषय काढला, तेव्हा त्यांचा चेहरा पडला. “ताई, आपल्यात कागद?” असं त्यांनी इतक्या दुखऱ्या आवाजात विचारलं, की मीच त्यांची माफी मागून चहा पिऊन परत आले. कोल्हापुरात कागद मागणं म्हणजे समोरच्याला चोर म्हणणं. तेव्हा तोंडी शब्दावर पंधरा वर्षं निघाली, आणि बरी निघाली.

याच चप्पलवाल्यांनी मला दुसरी एक गोष्ट शिकवली. त्यांनी समोरच्या दुकानाची वेबसाइट उघडून दाखवली आणि म्हणाले, “सेम ह्येच्यागत पायजे. फक्त ह्येला कळता कामा नये.” धंद्यातल्या निम्म्या ग्राहकांची मागणी शेवटपर्यंत हीच राहिली. इचलकरंजीच्या एका यंत्रमागवाल्या शेठजींनी तर तेवढेही कष्ट घेतले नव्हते. त्यांच्या भाच्यानं परगावच्या एका कापड गिरणीचं पान जसंच्या तसं उचलून लावलं होतं, खालच्या फोन नंबरासकट. वर्षभर त्यांच्या गिऱ्हाइकांचे फोन त्या गिरणीत वाजत होते. मी हे दाखवल्यावर शेठजी चोरीबद्दल अवाक्षर बोलले नाहीत. फोन का येत नाहीत म्हणून त्यांनी मोबाइल तीनदा बदलला होता, त्याचं त्यांना वाईट वाटत होतं.

मी मात्र धुतल्या तांदळासारखी होते असं समजू नका. पहिल्या वर्षी एका हाडांच्या डॉक्टरांनी आठ दिवसांत दहा लेख मागितले. इंटरनेटवरचा मजकूर म्हणजे पंचगंगेचं पाणी, ज्याला हवं त्यानं घागर भरून न्यावी, अशी माझी तेव्हा समजूत होती. एका परदेशी वेबसाइटवरचा गुडघेदुखीचा लेख मी सुरेख मराठीत उतरवला आणि पाठवून दिला. पंधरा दिवसांनी डॉक्टरांचा फोन आला. कोडोलीचे एक म्हातारे शेतकरी नातीकडून तो लेख वाचून घेऊन तपासायला आले होते. ते डॉक्टरांना म्हणाले, “बाकी समदं पाळतो बघा. पर त्यो दारातला बर्फ फावड्यानं वढायचा न्हाय म्हनलाय, त्यो बर्फ मुळात आनायचा कुटनं?”

डॉक्टर आधी पोटभर हसले. मग हळूच म्हणाले, “तुम्ही दुसऱ्याच्या पेशंटची चिठ्ठी बघून माझ्या पेशंटला औषध दिलंत.” मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यानंतर मी कधी कॉपी केली नाही असं लिहिलं तर वाचायला बरं वाटेल. पुढे वर्षभर केली, पण आधी बर्फ काढून. बर्फाबद्दल लिहिणारी ती कुणी बाई असेल, तीही आपल्या स्वयंपाकघरात बसून बिननावाचं लिहीत असेल, हे माझ्या डोक्यात यायला बराच काळ गेला. ते आलं तेव्हा मी थांबले. आता उशीर झाला असला तरी तिची इथे माफी मागते.

आता ज्या भानगडीमुळे मला हा लेख लिहायला सांगितलं गेलं, तिच्याकडे येते. प्रत्येक वेबसाइटवर ‘आमच्याबद्दल’ नावाचं एक पान असतं. ते गिऱ्हाईक कधी वाचत नाही, मालक रोज वाचतो. या पानावर एक संस्थापक लागतो. तो गरिबीतून वर आलेला लागतो, प्रामाणिक लागतो आणि शक्यतो हयात नसलेला बरा. हा संस्थापक बहुधा मालकाचा आजोबा असतो, आणि अडचण तिथेच सुरू होते. आमच्या भागात घरातल्या थोरल्या माणसाचं वर्णन एका शब्दात संपतं. आजोबा कसे होते असं विचारलं की उत्तर येतं, कडक. आणखी काही? लई कडक. आपल्याच माणसाचं कौतुक परक्यासमोर कसं करायचं, हे इथे कुणाला शिकवलेलंच नसतं. मग ते कौतुक माझ्यासारखीला पदरचं घालून करावं लागतं.

चौदा वर्षांपूर्वी बाळासाहेब मगदूम माझ्याकडे आले. मूळचं शिरोळकडचं जैन कुटुंब, मार्केट यार्डात गुळाचं तीन पिढ्यांचं अडत दुकान. बाळासाहेबांना आजोबांच्या नावानं खोक्यातला गूळ विकायला काढायचा होता. नाव ठरलं होतं, ‘भरमाप्पा गूळ’. पाडव्याला वेबसाइट सुरू करायची होती, आणि ते आले पाडव्याच्या दोन दिवस आधी. भरमाप्पा कसे होते, मी विचारलं. कडक हुते, ते म्हणाले. फोटो होता, पण लग्नातला, आणि त्यात भरमाप्पा दुसऱ्या कुणाच्या तरी फेट्यामागे अर्धे झाकलेले होते. एखादी आठवण? बाळासाहेबांनी बराच विचार केला. एकदा त्यांनी बाळासाहेबांच्या मुस्काटात मारली होती. ती पानावर घेण्यासारखी नव्हती.

दोन दिवसांत मी आजोबा कुठून आणणार? घरात एक माणूस तयार होता, तो दिला. माझे वडील.

आमचे आण्णा, धोंडीराम, त्याच मार्केट यार्डात चाळीस वर्षं तोलाईदार होते. शेतकऱ्याचा गूळ विक्रीला आला की त्याचे रवे, म्हणजे मोठ्या ढेपा, काट्यावर चढवून वजन पुकारायचं हे त्यांचं काम. तोलाईदार शेतकऱ्याचाही नसतो आणि व्यापाऱ्याचाही नसतो, आणि म्हणूनच दोघांच्याही शिव्या खातो. आण्णा बोटाच्या पेरानं रव्यावर टकटक करायचे आणि आवाजावरून सांगायचे की हा कुठल्या गावच्या गुऱ्हाळातला. त्यांच्या धोतराच्या सोग्यात गुळाचे खडे बांधलेले असायचे. यार्डात आलेल्या कुठल्याही पोराच्या, नाहीतर बाईमाणसाच्या हातावर एक खडा पडायचाच. एका पुराच्या वर्षी आमच्या घरात पाणी शिरत होतं आणि आण्णा यार्डात दुसऱ्यांचा गूळ माळ्यावर चढवत होते. आईनं ते त्यांना जन्मभर ऐकवलं. हे सगळं मी ‘भरमाप्पा’ या नावाखाली लिहून काढलं. तीन तासांत पान झालं. इतक्या झरझर मी त्याआधी कधी लिहिलं नव्हतं आणि नंतरही लिहिलेलं नाही. बाळासाहेबांनी ते माझ्यासमोर वाचलं, चष्मा काढला, पुसला आणि म्हणाले, “आसंच हुते बघा आजोबा. तुमाला कसं कळलं?”

तिथेच मी खरं सांगायला हवं होतं. पण ग्राहक खूश झाला की तोंड मिटून घ्यावं हा धंद्याचा नियम, आणि तो मी पाळला.

पुढे भरमाप्पा वाढतच गेले. मजकूर आधी वेबसाइटवर होता, तो खोक्यावर आला. घरात लावायला बाळासाहेबांनी त्यांचं मोठं तैलचित्र काढून घेतलं. फोटो तेवढा एकच, तोही अर्धा झाकलेला, म्हणून चित्रकारानं बाळासाहेबांचाच चेहरा घेतला आणि त्याला पांढऱ्या मिशा आणि फेटा चढवला. तेव्हापासून बाळासाहेब रोज सकाळी स्वतःलाच उदबत्ती ओवाळतात. व्यापाऱ्यांच्या कार्यक्रमात ते आजोबांच्या सोग्यातल्या खड्यांवर बोलायचे आणि रुमाल काढायचे. दुसऱ्या दोघा गूळवाल्यांनी तोच मजकूर उचलून आपापल्या आजोबांच्या नावावर घातला. मग लिहिणारी यंत्रं आली. गेल्या वर्षी मी सहज एका यंत्राला कोल्हापुरी गुळाबद्दल लिहायला सांगितलं, तर त्यानं भरमाप्पा हे या व्यवसायातलं आदरणीय व्यक्तिमत्त्व असल्याचं मलाच ठासून सांगितलं. मी त्याला उलटून काही बोलले नाही. आण्णा आमच्याकडे राहायला आले की मी ते खोकं डब्यामागे सरकवून ठेवायची. मुलीनं आपल्याला परस्पर दुसऱ्याच्या घरात नेऊन बसवलंय, हे त्यांना कळू नये असं वाटायचं. शेवटची वर्षं ते कागलला माझ्या थोरल्या भावाकडे होते. तिथेच ते गेले.

वर्षश्राद्धाला मला वाटलं, पंधरा वर्षं दुसऱ्यांच्या आजोबांवर लिहिलं, आता एकदा आपल्या बापावर आपल्या नावानं लिहावं. माझा स्वतःचा एक ब्लॉग आहे, त्याला मोजून साठ-सत्तर वाचक आहेत. तिथे मी आण्णांवर लिहिलं. टकटक आली, सोगा आला, पूर आला. काही वाक्यं जुन्या पानासारखीच उतरली. ती मला पाठ होती म्हणून, की आण्णा तसेच होते म्हणून, ते मलाही सांगता येणार नाही.

चौथ्या दिवशी पान गायब झालं आणि त्या जागी एक मेल आला. मी ‘भरमाप्पा गूळ’ यांच्या मालकीचा मजकूर परवानगीशिवाय वापरला आहे, अशी तक्रार होती. आता कॉपी शोधणारी यंत्रं निघाली आहेत. ती जगभरची पानं चाळतात, जुळणारी वाक्यं लाल रंगात काढतात आणि मालकाच्या वतीनं परस्पर तक्रारही करतात. तक्रार आली की ब्लॉग चालवणारी कंपनी आधी मजकूर उतरवते आणि मग विचारते. आणखी एक तक्रार आली तर माझा सगळा ब्लॉगच बंद होणार होता. मजकूर परत हवा असेल तर तो माझाच आहे असं मी शपथेवर लिहून द्यायचं, आणि ते खोटं निघालं तर कोर्टाला तोंड द्यायचं. मी तो मेल चार वेळा वाचला. बापाबद्दल लिहिण्याची मला मनाई झाली होती, आणि ती माझ्याच वाक्यांच्या आधारानं झाली होती. मला राग आला, आणि रडूही आलं. त्यातलं जास्त काय ते मला आजही सांगता येणार नाही.

आमच्या गल्लीत देसाई वकील आहेत. त्यांचा सगळा जन्म जमिनीच्या वाटण्यांत गेला. कॉपीराइटचं प्रकरण म्हटल्यावर ते आधी म्हणाले, “आपल्याकडं हे कुणी आणत नाही.” तरी त्यांनी कायद्याचं पुस्तक मागवलं, दोन दिवस वाचलं आणि तिसऱ्या दिवशी खुलून मला बोलावून घेतलं. त्यांना सगळं आपल्या भाषेत समजलं होतं.

“ताई, ही सरळसरळ जमिनीची केस आहे,” ते म्हणाले. “तुम्ही त्यांच्याकडं पगारी होता का? नाही. पगारी गड्यानं पिकवलं तर पीक मालकाचं. तुम्ही पगारी नाही, म्हणजे मजकुराचा सातबारा पहिल्या दिवसापासून तुमच्या नावावर. त्यांनी तुमच्याकडनं सहीचं खरेदीखत केलंय का?”

मी म्हटलं, आपल्यात कागद कुठे करतात?

“मग झालं की. त्यांची नुसती वहिवाट. मजकूर वापरायची परवानगी आहे, मालकी नाही. तोंडी व्यवहारानं लिखाणाची मालकी जात नाही, असं कायदाच म्हणतोय.” मग त्यांनी आवाज खाली आणला. “तुम्ही मनात आणलं तर त्यांच्या पानावरनं, खोक्यावरनं, सगळीकडनं तो आजोबा उतरवता येईल. नोटीस काढू का?”

पंधरा वर्षं जे मी दान करून मोकळी झाले होते, ते सगळं माझंच होतं, हे मला त्या दिवशी कळलं. बाहेर पडताना माझी मान ताठ होती. लिहिणाऱ्या पोरापोरींना मी तेव्हापासून सांगते, की कागद करा. तुम्ही सही करून देत नाही तोवर लिहिलेलं तुमचं आहे, आणि सही करायची तर काय देतोय ते वाचून करा. पण त्या दिवशी मला उपदेश सुचत नव्हता. मला भरमाप्पांना खोक्यावरून खाली ओढायचं होतं. नोटिशीआधी एकदा तोंडावर सांगावं म्हणून मी थेट मगदुमांच्या बंगल्यावर गेले.

बाळासाहेबांना तक्रारीचा पत्ताच नव्हता. वेबसाइट सांभाळायला त्यांनी एका एजन्सीला दिली होती आणि हे सगळं तिचं यंत्र करत होतं. त्यांनी मला बसवलं, पन्हं मागवलं. मी ते तसंच ठेवलं आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. टकटक, सोगा, पूर. हे तुमचे आजोबा नव्हेत, माझे वडील आहेत. बाळासाहेब आधी हसले. मग माझ्याकडे पाहिलं आणि हसायचे थांबले.

“आवं ताई, कायतरीच काय. माझ्या डोळ्यांपुढं हुबा हाय आजा. सोग्यातनं खडा काढून देताना मी बघितलंय.”

“तुम्ही वाचलंय, बाळासाहेब.”

पलीकडे त्यांच्या आई बसल्या होत्या, घरात सगळे त्यांना अव्वा म्हणतात. वय पंचाऐंशीच्या पुढे, कान शाबूत. बाळासाहेब त्यांच्याकडे वळून म्हणाले, “अव्वा, तू तरी सांग ह्येस्नी. आजा खडा देत हुता का न्हाय?”

अव्वांनी गुडघ्यावरचा हातही हलवला नाही. “मामंजी? मामंजींनी कुनाच्या हातावर मीठ ठेवल्यालं मी बघितलं न्हाय. माझ्या पोळ्या मोजून घ्यायचे त्ये.” मग त्या माझ्याकडे बघू लागल्या. “तू धोंडीबाची लेक व्हय ग? मी नवी नवरी हुतो. मामंजींचा डबा घेऊन दुकानात जायाचो. त्या तोलाईदारानं मामंजींची पाठ फिरली की माझ्या वंजळीत खडा घालायचा. म्हनायचा, भनी, घरला जाईस्तवर संपीव.”

एवढी वर्षं मी ज्याला सगळीकडे बेनामी फिरवत होते, त्याला ओळखणारं हे माणूस होतं, आणि तेही मगदुमांच्याच घरात.

“चौदा वरसं ऐकतीयास अव्वा, मग बोललीस का न्हाईस?” बाळासाहेबांनी विचारलं. आवाज बारीक झाला होता.

अव्वा म्हणाल्या की त्यांना सगळं पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. खोकं आलं तेव्हाच त्यांनी नातीकडून ते वाचून घेतलं होतं. पण घरात सासऱ्याचं नाव निघालं की आधी सगळ्यांच्या कपाळाला आठी पडायची. खोकं आल्यापासून पोरं त्यांचं नाव हसून घ्यायला लागली. त्यात त्यांना काही वावगं वाटलं नव्हतं.

बाळासाहेबांनी भिंतीवरच्या त्या तैलचित्राकडे, म्हणजे स्वतःकडेच, पाहिलं. साठीला आलेला माणूस, यार्डात ज्याच्या शब्दावर ट्रक हलतात. तो मला म्हणाला, “म्हंजे ताई, आता आजाच न्हाय व्हय आमाला?”

मी भांडायला गेले होते. देसाई वकिलांनी सांगितलेला मजकुराचा सातबारा मला तोंडपाठ होता. पण हा प्रश्न माझ्या तयारीत नव्हता. शेवटी अव्वाच बोलल्या. “चौदा वरसं नांदलाय त्यो ह्या घरात. आता त्येला भाईर काढतीस व्हय? धोंडीबाचं नाव लाव आनि ऱ्हाऊ दे.”

तसंच ठरलं. तक्रार मागे घेतली गेली. देसाई वकिलांनी स्टँप पेपरवर आयुष्यातलं पहिलं कॉपीराइटचं करारपत्र केलं आणि सवयीनं त्यात चतुःसीमा घातल्या. मजकूर माझा, तो खोक्यावर वापरायची परवानगी मगदुमांना, आणि गोष्ट कुणाची आहे ते खाली स्पष्ट लिहायचं. आधी छापून ठेवलेल्या खोक्यांवर बाळासाहेबांनी स्वतः बसून स्टिकर चिकटवले. त्यावर दोन ओळी आहेत: ‘ही गोष्ट मार्केट यार्डातले तोलाईदार धोंडीराम यांची. आमचे आजोबा भरमाप्पा कडक होते.’ दुसरी ओळ त्यांचीच. मी त्यातलं एक अक्षर बदललं नाही.

हे सगळं मिटेपर्यंत मी भावाला काहीच कळवलं नव्हतं. बापाला मी परस्पर दिलं होतं हे त्याला कोणत्या तोंडानं सांगणार? शेवटी स्टिकर लागल्यावर कागलला फोन लावला आणि सुरुवातीपासून सगळं सांगितलं. माझं संपल्यावर दादा म्हणाला, “आण्णास्नी ठावं हुतं की.”

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. दादानं सांगितलं, कुणीतरी दिवाळीला त्याच्याकडे भरमाप्पाचं खोकं आणलं होतं. आण्णांनी चष्मा लावून त्यावरचा मजकूर शेवटपर्यंत वाचला, परत पहिल्यापासून वाचला आणि हसत सुटले. दादाला म्हणाले, हा मीच की. आपल्या नंदानं लिहिलेलं दिसतंय. दादा चिडला होता, त्याला लगेच मला फोन करायचा होता. आण्णांनी करू दिला नाही. तिचा धंदा आहे, तिला लाज वाटेल, म्हणाले. गेल्यानंतरही सांगू नको असं बजावलं होतं, पण आता तूच काढलंस म्हणून सांगतोय, दादा म्हणाला.

“आनि काय म्हनले?” मी विचारलं. मी शक्यतो अशी बोलत नाही, पण भावाशी बोलताना निघतं.

“म्हनले, भरमाप्पा शेठनं चाळीस वरसं मला नावानं हाक मारली न्हाय. ए तोलाईदार, म्हनायचा. आता त्येचं नाव बरं ऱ्हायाला माझं वागनं लागतंय.”

माझं पान आता पुन्हा लागलं आहे. मी त्यात एकच भर घातली, आण्णांचं हे वाक्य, त्यांनी म्हटलं तसंच, काना-मात्रा न बदलता. त्या पानावरचं एवढंच माझं नाही. म्हणून त्याखाली त्यांचं नाव घातलं आहे.